काळजात मोठ्याने वाचलेले पान

ग्रानत्रेस्क, १५ फेब्रुवारी १९६८, गुरुवार

माझ्या नातीचे, गुनेलचे दुखणे आज पुन्हा उद्भवले. डिसेंबरपासून ही तिसरी खेप. शाळेत शिकवायला जाण्यासाठी ती बूट चढवीत होती, ती एका पायात बूट तसाच ठेवून उंबऱ्यात खाली बसली. कळ पोटात उठते, पाठीत आणि मांड्यांत उतरते, आणि एवढे असूनही पोट हाताला मऊच लागते.

गावची परिचारिका सिस्टर व्हेगा बर्फावरची ढकलगाडी हाकीत आली. पोट चाचपून झाल्यावर तिने सरळ मलाच विचारले, "पाद्रीबाबा, हिची पाळी कधी आहे?"

"हा प्रश्न तिला विचारावा," मी म्हणालो.

"ती विव्हळतेय हो. तुम्ही रोज लिहिता ना त्या वहीत? मागच्या दुखण्याच्या तारखा तरी वाचा."

तारखा होत्या. एकवीस डिसेंबर, अठरा जानेवारी, आणि आज. व्हेगाने बोटे मोजली. "अठ्ठावीस नि अठ्ठावीस. तुमच्या चर्चची घंटासुद्धा इतकी नेमानं वाजत नाही."

मी वही मिटली. स्त्रीदेहाला मिळालेल्या त्या आदिम शापाविषयी मी त्रेचाळीस वर्षे व्यासपीठावरून बोललो आहे. आपल्या नातीच्या संदर्भात तो मोजून दाखविला जावा, हे मला रुचले नाही.

माझी मुलगी एस्टरही अशीच तळमळत असे. एकतिसाव्या वर्षी, १९५३ च्या वसंतात, ती गेली, आणि सात वर्षांची गुनेल माझ्या पदरात पडली. बापाने स्टॉकहोमला दुसरा संसार मांडला होता. या दुखण्याला गावात नाव नाही. ‘त्या घरातल्या बायकांचे’ एवढेच म्हणतात. ते घर म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीचे, हुल्दाचे माहेर.

१९ फेब्रुवारी

काल तिचे ऋतुदिन सुरू झाले आणि कळ ओसरली. मी तीन दिवस प्रार्थनेत होतो, त्याचे फळ मिळाले. व्हेगा मात्र त्या तीन दिवसांत तिला निळ्या रानबोरांचे सार ओंजळभर साखर घालून पाजीत होती. वेदनेच्या समयी जिभेचे असे लाड करावेत, हे मला विसंगत वाटले, आणि तसे मी म्हणालो.

"लाड कसले? उलटी न होता पोटात राहतंय एवढंच मला दिसतंय," ती म्हणाली. "तुम्ही वरचं बघा, मी खालचं बघते."

२८ फेब्रुवारी, भस्मबुधवार

चाळीस दिवसांच्या उपवासाला आज आरंभ केला. आमच्या पंथात हल्ली तो कोणी पाळीत नाही. मंगळवारी मलई भरलेले पाव खाऊन लोक मोकळे होतात आणि बुधवारी पुन्हा नेहमीसारखे जेवतात. मी गुरुकुलातल्या दिवसांपासून हा नेम सोडलेला नाही, आणि या गावातल्या श्रद्धावान स्त्रियांना तो मीच शिकविला.

दुपारी गुनेल म्हणाली, "आजोबा, या वेळी मीही धरते तुमच्याबरोबर. पुढची खेप येण्याआधी मन तयार असलं तर कदाचित सोसेल."

मी तिला एवढेच सांगितले की, काही पीडा अशा असतात, ज्या प्रार्थना आणि उपवास या दोहोंवाचून माणसाला सोडीत नाहीत. त्या दिवसांच्या आधीचे तीन दिवस तिने केवळ पाणी आणि कोरडी भाकर घ्यावी, असे ठरले. ती हसली. आईची मुद्रा तिच्या चेहऱ्यावर इतकी स्पष्ट मी पूर्वी पाहिली नव्हती. हा दिवस मला धन्य वाटला.

११ मार्च

तिने आज उपवास धरला.

१४ मार्च

पहाटेपासून वेदना. मागच्यापेक्षा पुष्कळ अधिक. पाणीही ठरत नाही. मी उशाशी बसून सांगितले की, धातू शुद्ध होतो तो भट्टीतच. तिने मान हलविली.

१५ मार्च

आज तिला केस विंचरण्यासाठी हात वर नेता येईना. फणी दोनदा पडली. तिसऱ्यांदा ती मी उचलली, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, हात माझा आहे असं वाटतच नाही."

व्हेगाला निरोप धाडला. तिने आल्याबरोबर गुनेलच्या मूत्राचे भांडे खिडकीच्या उजेडात ठेवले. तासाभराने पाहिले तो रंग लाल रानबोरांच्या रसासारखा गडद झालेला.

"पाद्रीबाबा, तीन दिवसांत हिच्या पोटात काय गेलंय?"

मी उत्तर जुळवीत होतो, तोच गुनेल म्हणाली, "मलाच भूक नव्हती, सिस्टर."

व्हेगाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर गोठलेल्या सरोवराकडे पाहिले. हे वाक्य मी खोडणार नाही.

दुपारी रस्त्यावरचे बर्फ सारणाऱ्या गाडीमागून रुग्णगाडी तिला किनाऱ्यावरच्या शहरात घेऊन गेली. मी सोबत गेलो.

१९ मार्च, रुग्णालयातून

चार दिवस तिच्या शिरेतून साखरेचे पाणी चालले आहे. उलट्या थांबल्या. ती काल प्रथम झोपली. हातांत अद्याप बळ नाही.

डॉक्टर ओकरलिंड नावाच्या चाळिशीच्या बाई तिच्यावर उपचार करतात. त्यांनी आज मला खाटेजवळ बसवून घेतले.

"बुर्वालसाहेब, तुम्ही ग्रंथ वाचणारे, म्हणून तसंच सांगते. प्रत्येक पेशीत एक ग्रंथ असतो, आईबापाकडून आलेला. बाईच्या काळजात, म्हणजे यकृतात जो, तोच पुरुषाच्या काळजात. पण सगळी पानं सगळीकडे मोठ्यानं वाचली जात नाहीत. काळजात कुठलं पान मोठ्यानं वाचायचं नि कुठलं पुटपुटायचं, हे पुष्कळदा संप्रेरकं ठरवतात, बाईपणाचे नि पुरुषपणाचे ते रस."

"आणि माझ्या नातीच्या काळजात?"

"रक्तातल्या लाल रंगासाठी जो कच्चा माल लागतो, तो काळीजही बनवतं. त्याचं एक पान आहे. पाळीच्या आधी संप्रेरकाची लाट येते आणि ते पान एकदम मोठ्यानं वाचलं जातं. तुमच्या सिस्टरला, मला, त्यानं काही होत नाही; पुढचा कारागीर माल उचलतो. गुनेलच्या ग्रंथात त्या कारागिराच्या ओळीत चूक आहे. तो अर्धंच काम करतो. मग माल साचतो नि नसांना विषासारखा भिनतो."

"हे निश्चित आहे?"

"निश्चित कसलं! कोंबडीच्या अंड्यातल्या पिलांच्या काळजावर लोक अजून प्रयोग करताहेत. पण दोन गोष्टी आम्ही रोज बघतो. साखर त्या वाचणाऱ्याला गप्प बसवते. आणि भूक त्याला ओरडायला लावते. म्हणून विचारते, आधीचे तीन दिवस ही जेवली होती का?"

गुनेलने डोळे मिटले होते. "मळमळत होतं. नाही खाल्लं," ती म्हणाली.

"आणि समजा," मी विचारले, "एखाद्याने हेतुपुरस्सर अन्न वर्ज्य केले असते तर?"

"आगीत तेल. का?"

"सहज," मी म्हणालो.

जन्मभर सत्याचा उपदेश केलेल्या माणसाच्या तोंडून बाहेर पडलेला हा शब्द मी येथे जसाच्या तसा लिहून ठेवीत आहे.

निघताना डॉक्टरीणबाईंनी एक काम सांगितले. चर्चच्या नोंदवह्यांत तीनशे वर्षांचे जन्ममृत्यू आहेत; हुल्दाच्या घराण्यातल्या कोणकोणत्या स्त्रिया तरुणपणी आणि कशाने गेल्या, त्यांची वंशावळ काढून द्यावी. त्यावरून आज कोणाला जपायचे, ते त्यांना कळेल.

२५ मार्च

ग्रानत्रेस्कला परतलो. नव्या पाद्र्याने नोंदींच्या कपाटाची किल्ली दिली. सकाळपासून बसलो.

हुल्दाच्या माहेरच्या स्त्रिया अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव, एकोणऐंशी अशा वयाच्या होऊन गेल्या आहेत. एकीच्याही नावापुढे काही नाही. तिच्या एका आत्याला वेड लागले होते, तेवढ्यावरून गावाने ते घर ठरवून टाकले, आणि मी ते मानले.

मग दुसऱ्या बाजूने शोधू लागलो.

ब्रिता, १८३९, वय चोवीस, ‘पोटशूळ’. मारेता, १८७१, वय एकोणतीस, ‘वेड लागून’. सारा, १९०२, वय एकोणीस, ‘हातपाय लुळे पडून’. त्यांचे भाऊ चौऱ्याऐंशी, शहाऐंशी, खणखणीत.

सारा माझ्या आईची धाकटी बहीण. मी अकरा वर्षांचा होतो; तिचे ओरडणे ऐकू येऊ नये म्हणून मला सरोवरावर मासे धरायला पाठवीत.

ही ओळ हुल्दाकडून आलेली नाही.

एस्टरच्या दफनानंतर मी हुल्दाला म्हणालो होतो की, हा तुझ्या माहेरचा वारसा, तथापि ही प्रभूची इच्छा. ती त्यापुढे सात वर्षे जगली. माहेरचे नाव तिने माझ्यासमोर पुन्हा कधी काढले नाही. तिच्या त्या मौनाला मी नम्रता समजत आलो.

२७ मार्च

१९५३ ची वही काढली. काढू नये असे दोन दिवस वाटत होते.

‘एस्टर भस्मबुधवारापासून माझ्यासोबत उपवास करीत आहे. तिच्या मुखावर तेज आहे.’

त्यानंतर बारा दिवस कोरे. मग तिच्या दफनाची नोंद.

माझेच अक्षर, सुबक, एकही खाडाखोड नसलेले.

२ एप्रिल

व्हेगा बाटली घेऊन आली. "डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. ही भरून द्या, आणि कृपा करून प्रवचन नको."

"मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. मला कधी काही झालेले नाही."

"तेच तर त्यांना बघायचंय."

तिच्याजवळच्या कुपीतले द्रव्य घालताच माझे मूत्र गुलाबी, मग लाल झाले. व्हेगाची थट्टा थांबली. तिने दूरध्वनी लावून दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडूनच. पुरुषांत ते बहुधा मुकंच राहतं, बुर्वालसाहेब. ओळ तीच असते, पण दर महिन्याला ते पान मोठ्यानं वाचा म्हणणारं कोणी नसतं."

माझ्या उपवासांनी मला काहीही केले नाही. साठ वर्षे ती कृपा मी माझ्या श्रद्धेच्या खाती जमा धरली.

६ एप्रिल

गुनेल घरी आली. हात खांद्यापर्यंत जातो, वर जात नाही. पुढची तारीख अकरा एप्रिल, म्हणजे पवित्र आठवड्यातला गुरुवार. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे: दर तीन तासांनी खाणे, झोपेची कोणतीही पूड नाही, कारण तीही आगीत तेलच, आणि या खेपेला वेळीच आवरले नाही तर श्वासाचे स्नायूही जाऊ शकतात.

एस्टरला शेवटी झोपेच्या पुड्या दिल्या होत्या. त्याही मीच मागविल्या होत्या.

आज सांगणार होतो. ती म्हणाली, "घर किती छान वाटतंय, आजोबा." राहून गेले.

९ एप्रिल

तिच्यासमोर लोणी-साखर घातलेली बार्लीची पेज ठेवतो. ती म्हणते, ठेवा, खाईन. भांडे रिकामे परत येते. मनाला समाधान आहे.

तरीही ती सांजसकाळ अधिक फिकट दिसते.

१० एप्रिल

चुलीजवळच्या लाकडांच्या पेटीत तळाशी भाकरीचे सात तुकडे सापडले. पेज तिने कुठे ओतली, ते मी विचारले नाही. भाकरी तिच्यापुढे ठेवल्या.

"मागच्या वेळी माझी परीक्षा अर्धवट राहिली," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मी डगमगले. मनात आलं, एक साखरेचा खडा मिळाला तर! म्हणून तर एवढं झालं."

"गुनेल, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे."

"डॉक्टर देहाचं सांगतात. हे तुमचंच वाक्य आहे ना, आजोबा?"

माझेच आहे. किती वेळा उच्चारले, त्याची गणना नाही.

मी तिला आज्ञा केली. तिने माझ्याकडे अशा करुणेने पाहिले, जणू वार्धक्याने माझीच श्रद्धा ढळली आहे.

११ एप्रिल, गुरुवार

कळ सकाळी आली. बाहेर हिमवादळ, रस्ता बंद. व्हेगा दूरध्वनीवर ओरडत होती, "गाडी उद्या दुपारशिवाय येत नाही! तासातासाला साखर घाला तिच्या तोंडात, नाहीतर मी स्कीवरून येते आणि तुम्हा दोघांनाही भरवते!"

गुनेलने ओठ घट्ट मिटले होते. "परवापर्यंत नको, आजोबा. उद्या तर दीर्घ शुक्रवार, प्रभूला क्रुसावर दिलं तो दिवस."

तेव्हा मी सांगितले. जमिनीवर बसलो, कारण खुर्चीवर बसून ते सांगता येईना. सारामावशीचे सांगितले, नोंदवहीतल्या नावांचे सांगितले, माझ्या बाटलीतला रंग सांगितला. एस्टरने माझ्या शब्दावर उपवास धरला होता आणि त्यातच ती गेली, हे सांगितले. तिच्या आजीला मी काय म्हणालो, ते सांगितले. १५ मार्चला व्हेगाने विचारले तेव्हा उत्तर मला ठाऊक होते, हेही सांगितले.

कळांमधल्या एका विसाव्यात तिने विचारले, "आईला माहीत होतं?"

"नाही. मलाही नव्हते."

"मी तुमचं विचारलं नाही."

तिने भिंतीकडे तोंड फिरविले. मग, न वळता: "आणा."

मी घाईने हात जोडले, भोजनापूर्वीची प्रार्थना म्हणण्यासाठी.

"प्रार्थना नको. साखर घाला. आणि तुम्ही बोलू नका."

१२ एप्रिल, दीर्घ शुक्रवार

ती चमचा धरू शकत नाही. भरवीत आहे. दोन चमचे राहतात, एक परत येतो. पुन्हा भरवायचे.

दुपारी बाराला ती म्हणाली, "तुम्हीही खा. मला बघायचंय."

अठ्ठावन्न वर्षांत या दिवशी तीन वाजण्यापूर्वी मी काही तोंडात घातले नव्हते. तिच्यासमोर बसून वाटीभर गोड पेज खाल्ली. ती शेवटच्या चमच्यापर्यंत पाहत होती.

चार वाजता व्हेगा आणि रुग्णगाडीवाले पोहोचले. शिरेत नळी तिने इथेच लावली. रस्ता पुन्हा बंद होण्याची भीती होती. तिने गुनेलला दीर्घ श्वास घ्यायला लावले, मोजले, पुन्हा मोजले. "चाललेत," ती म्हणाली. "पाद्रीबाबा, बसा खाली. तुम्हीच पडाल."

१४ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

सकाळी तिचे ऋतुदिन आले. दुपारपर्यंत कळ उतरली. उजवा हात अजून लुळा आहे, डावा चालतो. श्वास शाबूत.

चर्चच्या घंटा वाजत होत्या. मी गेलो नाही.

ती व्हेगाकडे राहायला जाणार आहे. "चिडून नाही, आजोबा. चिडता आलं असतं तर बरं झालं असतं." तिची पेटी मी भरली. तिने सांगितले त्या वस्तू, तिने सांगितले त्या क्रमाने.

दारात व्हेगाच्या खांद्यावर भार टाकून ती थांबली. "तुमच्या यादीत मेलेल्यांची नावं आहेत. त्यांच्याखाली जिवंत कोण आहेत?"

"पाच मुली," मी म्हणालो. "सगळ्यांत लहान पंधरा वर्षांची."

"सिस्टर त्यांना उपवास नको म्हणून सांगून दमली. त्यांच्या आया म्हणतात, पाद्रीबाबांनी शिकवलंय. तेव्हा तुम्हीच जा. सगळं सांगा. माझ्या आईचंसुद्धा."

मी म्हणालो, लोक काय म्हणतील, असा विचार मी करणार नाही. ती म्हणाली, तो विचार तुम्ही आत्ताच केलात.

१५ एप्रिल, सोमवार

सणाचा दुसरा दिवस; सगळे घरी असतात, म्हणून आजच निघालो. पहिले घर आग्दाचे, सरोवराच्या पलीकडे. ती माझ्या आईच्या चुलतभावाची नात. चाळीस वर्षांत माझे एकही प्रवचन तिने चुकविलेले नाही. तिची मुलगी सीव्ह पंधरा वर्षांची आहे. व्हेगा सांगते की जानेवारीपासून ती महिन्यातून दोन दिवस शाळेत येत नाही.

दार उघडताच आग्दाचा चेहरा उजळला. "पाद्रीबाबा! या, या. काय योग आहे! आमच्या सीव्हने यंदा पहिल्यांदा चाळीस दिवस पाळले हो, तुमच्या शिकवणीप्रमाणे. आशीर्वाद द्या तिला."

मुलगी मागे उभी होती, बारीक, हात पोटाशी घेऊन.

वाटेत मी आरंभासाठी तीन वाक्ये जुळविली होती. तिन्ही सुबक होती. त्यांतले एकही मी उच्चारले नाही.

"आशीर्वाद नंतर," मी म्हणालो. "आधी तिला काहीतरी खायला दे, आग्दा. तिचे खाऊन होईपर्यंत मी बसतो. मग माझ्या एस्टरला मी कसे मारले, ते तुम्हा दोघींना सांगतो."